कॉस्ट कॅप असूनही मोठेच संघ का जिंकतात? आणि रेड बुल खरंच स्वस्तात सुटली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फॉर्म्युला वनमध्ये २०२१पासून संघांच्या वार्षिक खर्चावर मर्यादा (कॉस्ट कॅप) आली, तरी विजेतेपद रेड बुल आणि मॅक्लारेनसारख्या बड्या संघांकडेच जातं. रेड बुलने पहिल्याच वर्षी मर्यादा ओलांडली आणि ७० लाख डॉलर भरून मोकळी झाली. मग हा नियम फक्त दाखवायचा आहे का?

नाही. पण तुम्ही आकड्याकडे बघताय, आणि या नियमात आकडा ही सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. आकड्याच्या आत काय धरायचं आणि बाहेर काय ठेवायचं, सगळा खेळ तिथे चालतो. मी व्यवसायाने कॉस्ट अकाउंटंट. भोसरी-चाकणच्या वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यांत कॉस्टिंग शिकलो आणि नंतर बरीच वर्षं इंग्लंडमध्ये, रेसिंग संघांना कार्बन फायबरचे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात तेच काम केलं. त्यामुळे उत्तर जरा हिशेबनिसाच्या अंगाने येईल, सांभाळून घ्या.

आधी मर्यादा काय आहे ते बघू. ऑक्टोबर २०१९मध्ये १७.५ कोटी डॉलरचा आकडा ठरला होता. मग करोना आला, शर्यती थांबल्या, आणि मे २०२०मध्ये तो खाली ओढून २०२१साठी १४.५ कोटी, २०२२साठी १४ कोटी आणि २०२३पासून १३.५ कोटी करण्यात आला. हे आकडे २१ शर्यतींच्या हंगामासाठी. शर्यती वाढल्या की दर जादा शर्यतीमागे ठरावीक रक्कम मिळते, शिवाय महागाईची भर. २०२४ साली २४ शर्यती झाल्या, तेव्हा प्रत्यक्षातली मर्यादा साधारण १६ कोटींच्या पुढे गेलेली होती. म्हणजे ‘१३.५ कोटींत संघ चालतो’ हे वाक्य बातमीत वाचलंत, तर ते तेव्हाही खरं नव्हतं.

आणि २०२५पर्यंतच्या या रकमेत काय नाही, ते ऐका. ड्रायव्हरचा पगार नाही. सर्वांत जास्त पगार घेणाऱ्या तिघांचा पगार नाही. मार्केटिंग नाही, प्रवास आणि हॉटेल नाही, प्रवेश शुल्क नाही, कायदा, वित्त आणि मनुष्यबळ विभागांचा खर्च नाही, बाळंतपणाची आणि आजारपणाची रजा नाही. इंजिनाचा हिशेब वेगळा, त्याच्या उत्पादकांना २०२३ ते २०२५ स्वतंत्र ९.५ कोटी डॉलरची मर्यादा होती. भाडं, पोरांची फी आणि गाडीचा हप्ता बाजूला ठेवून ‘आमचं घर पंधरा हजारांत भागतं’ म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात, तसाच हा प्रकार. काका खोटं बोलत नाहीत, त्यांची घरखर्चाची व्याख्या वेगळी आहे एवढंच.

यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. मर्यादा घालायची होती ती गाडीच्या कामगिरीवर होणाऱ्या खर्चावर. गाडी आरेखित करणं, बनवणं, तपासणं, ट्रॅकवर चालवणं आणि हे करणारी माणसं, एवढं आत. हॅमिल्टन किंवा व्हर्स्टापेनला किती द्यायचे यावर बंधन घातलं असतं, तर ड्रायव्हरांच्या वकिलांनी नियम पहिल्याच वर्षी कोर्टात नेला असता.

आता कारखान्यात हे कसं दिसतं, ते सांगतो. फ्रंट विंगचा, म्हणजे गाडीच्या पुढच्या पंखाचा, एक फ्लॅप घ्या, हातभर लांबीचा, उचलला तर वजन जाणवणारही नाही. त्याचं जॉब कार्ड उघडलं की कळतं पैसा कुठे जातो. रेझिन भिनवलेलं कार्बन कापड फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं. बाहेर काढलं की त्याचं घड्याळ सुरू होतं, ठरावीक तासांत वापरलं नाही तर कापड फेकायचं. कटरवर त्याचे तुकडे निघतात. मग दोन लॅमिनेटर, म्हणजे थर लावणारे कारागीर, साच्यात एकेक थर ठरलेल्या कोनात बसवत जातात, काही थरांनंतर व्हॅक्यूम लावून हवा काढायची, पुन्हा थर. मग ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत दाब आणि उष्णता. साच्यातून काढणं, कडा घासणं, अल्ट्रासाउंडने आत पोकळी राहिली का ते तपासणं. पोकळी सापडली तर भाग बाद. कच्चा माल या सगळ्यात किरकोळ असतो. खरा खर्च माणसांच्या तासांचा, साच्याचा आणि बाद झालेल्या भागांचा.

कॅपच्या आधी मोठ्या संघाच्या खरेदी विभागातून एकच प्रश्न यायचा: शुक्रवारपर्यंत मिळेल का? भाव कुणी विचारत नसे. नव्या आकाराला नवा साचा, चार भाग मागवायचे, वजन करून सर्वांत हलके दोन ठेवायचे. कॅपनंतर प्रश्न बदलले. जुन्याच साच्यात फेरफार करून जमेल का? ॲल्युमिनियमचा चालेल का? सस्पेन्शनचा आर्म तपासून अजून काही शर्यती ओढता येईल का? एकदा एक आरेखक आमच्या कॉस्टिंगच्या टेबलापाशी येऊन बसला आणि थर कमी केले तर किती तास वाचतात, ते समोर बसून मांडून घेतलं त्याने. चाकणला हे रोजचं होतं, तिथे पैशा-पैशाला बोल्ट घासला जातो. रेसिंगमध्ये मी ते पहिल्यांदाच बघत होतो. म्हणून ‘कॅप दिखाऊ आहे’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. कागदावर काहीही असो, वर्कशॉपमध्ये ती जाणवली.

अपघातांचंही तेच. अपघाताच्या नुकसानीला सूट नाही, तोही खर्च मर्यादेच्या आतलाच. २०२१मध्ये सिल्व्हरस्टोनला हॅमिल्टनशी टक्कर होऊन रेड बुलच्या व्हर्स्टापेनची गाडी बॅरियरवर आदळली, तेव्हा संघाने नुकसान सुमारे १८ लाख डॉलर सांगितलं होतं. १४.५ कोटींतले १८ लाख एका कोपऱ्यावर गेले. त्या पैशात हंगामात एखादा सुधारित फ्लोअर, म्हणजे गाडीचा तळ, आला असता, तो गेला.

आता रेड बुल. या प्रकरणावर इतकी चुकीची माहिती फिरते की आकडे सरळ मांडतो. २०२१साठी पौंडांत रूपांतर होऊन त्यांची मर्यादा होती ११ कोटी ८० लाख ३६ हजार पौंड. त्यांनी दाखल केलेला खर्च ११ कोटी ४२ लाख ९३ हजार. म्हणजे त्यांच्या हिशेबाने ३७ लाखांवर रक्कम शिल्लक होती! एफआयए या खेळाच्या नियामक संस्थेच्या कॉस्ट कॅप प्रशासनाने तपासलं तेव्हा ५६ लाख ७ हजार पौंडांच्या बाबी चुकीच्या पद्धतीने वगळलेल्या किंवा कमी धरलेल्या निघाल्या. त्या मिळवल्या की खर्च ११ कोटी ९९ लाखांवर जातो आणि जादा खर्च १८ लाख ६४ हजार, म्हणजे १.६ टक्के. त्यातही एक मेख आहे. कर-सवलतीची एक रक्कम त्यांनी नीट दाखवली असती तर जादा खर्च ४ लाख ३२ हजार ६५२ पौंड, म्हणजे ०.३७ टक्के भरला असता, हे एफआयएने स्वतःच लिहिलं.

त्या ५६ लाखांत काय होतं? कर्मचाऱ्यांच्या जेवणाचा खर्च, मालकाने भरायचं सामाजिक सुरक्षेचं योगदान, शिकाऊ उमेदवारांवरचा खर्च, बोनस, काही प्रवासखर्च, देखभाल, न वापरलेल्या सुट्या भागांची नोंद आणि रेड बुल पॉवरट्रेन्स या त्यांच्याच इंजिन कंपनीकडून आलेल्या बिलांच्या बेरजेतली चूक. एकूण तेरा बाबी. गुप्त प्रयोगशाळा वगैरे काही नाही. ज्याने एकदा तरी अंतर्गत लेखापरीक्षण केलंय त्याला ही यादी ओळखीची वाटेल, कारण कुठल्याही कंपनीत वाद याच खात्यांवर होतात. फुकट जेवण हा कर्मचारी कल्याणाचा खर्च की उत्पादनाचा ओव्हरहेड? भोसरीत यावर एक्साइजच्या लोकांशी वाद घालण्यात माझ्या उमेदीची वर्षं गेली. न वापरलेल्या भागांचा प्रश्न तर त्याहून रंगतदार: डिसेंबरात बनवलेला आणि कधीच गाडीला न लागलेला भाग कोणत्या वर्षाचा खर्च? दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे बोलता येतं.

यात वाईट हेतू किंवा फसवणुकीचा पुरावा नाही, असं एफआयएने ऑक्टोबर २०२२च्या निकालात नमूद केलं. माझं मत विचाराल तर फसवणूक नसावी, पण प्रत्येक शंकास्पद खातं आपल्याच बाजूला ओढायची सवय नक्की होती. एखाद-दुसरी बाब निसटते हे समजू शकतं. तेरा बाबी आणि त्यांची गोळाबेरीज आपल्याच सोयीची, हे बघून कुठलाही ऑडिटर भुवई वर करेल. तेही त्या हंगामात, ज्याचं ड्रायव्हर विजेतेपद अबू धाबीच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत व्हर्स्टापेनच्या बाजूने निकाली निघालं.

शिक्षेतले ७० लाख डॉलर सगळ्यांच्या लक्षात राहिले, पण त्या रकमेला फारसा अर्थ नाही. दंड कॅपमध्ये मोजला जात नाही आणि रेड बुलच्या मालकांना तो झेपतो. खरी शिक्षा दुसरी होती: बारा महिने वायुगतिकी चाचण्यांत १० टक्के कपात. हे समजायला कॅपचा जोडनियम बघावा लागतो. विंड टनेल (गाडीवर वारा सोडून चाचणी घ्यायचा बोगदा) आणि संगणकीय चाचण्यांचा कोटा गुणतक्त्यातल्या स्थानावर ठरतो. पहिल्या क्रमांकाला मूळ कोट्याच्या ७० टक्के, मग दर पायरीला ५ टक्के जास्त, दहाव्याला ११५ टक्के. मूळ कोटा एका कालखंडाला ३२० रन, म्हणजे विजेत्याला २२४. रेड बुल २०२२ची विजेती, ७० टक्क्यांवरून आणखी दहावा हिस्सा कापला की उरले ६३ टक्के. दहाव्या क्रमांकाच्या संघाच्या जवळपास निम्मे. हे असून त्यांनी २०२३मध्ये २२पैकी २१ शर्यती जिंकल्या, म्हणून लोक म्हणतात शिक्षा फुसकी. पण २०२३ची गाडी शिक्षा लागण्याआधीच बरीचशी आकाराला आली होती. त्या काळात हुकलेल्या चाचण्यांचा परिणाम पुढच्या गाडीत दिसायचा. २०२४च्या मध्यापासून त्यांची गाडी रुसली आणि मॅक्लारेन पुढे निघाली. सगळं श्रेय शिक्षेला देणं अति होईल, तिचा काहीच वाटा नाही म्हणणंही पटत नाही.

शिक्षेत गुणकपात का नाही? जादा खर्च ५ टक्क्यांच्या आत असला तर तो ‘किरकोळ’ गटात मोडतो, आणि संघाने चूक मान्य करून करार केला की त्या वाटेने गुण कापता येत नाहीत. ५ टक्क्यांच्या वर गेला की गुणकपात सक्तीची. १४.५ कोटींचे ५ टक्के म्हणजे साडेबहात्तर लाख डॉलर, त्याला ‘किरकोळ’ म्हणणं मला आजही खटकतं. माझ्या मते ही रेषा दोन टक्क्यांवर हवी होती.

पळवाटांत अकाउंटंटला सर्वांत रस असतो तो माणसांच्या तासांत. मोठ्या संघांकडे कॅपमध्ये न मावणारे शेकडो अभियंते होते. काढून टाकणं महाग आणि मूर्खपणाचंही. मग मर्सिडीजची अप्लाइड सायन्स शाखा नौकाशर्यतीच्या बोटी बनवू लागली, रेड बुल ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीजने हायपरकार हाती घेतली, फेरारीने ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीचा कार्यक्रम उभा केला आणि २०२३मध्ये ले मान्स जिंकलंसुद्धा. कायद्याने सगळं ठीक. पण माणूस मंगळवारी बोटीच्या खात्यावर तास लिहितो आणि बुधवारी गाडीच्या, तेव्हा मंगळवारी सुचलेली कल्पना बुधवारी डोक्यातून पुसून येत नाही. टाइमशीटवर तास विभागता येतात, अक्कल येत नाही. एफआयएने २०२३च्या सुमारास यावर नियम घट्ट केले, बिगर-एफ वन कामातून आलेलं ज्ञान गाडीवर वापरलंत तर खर्च कॅपमध्ये धरू असा त्याचा आशय. अंमलबजावणी किती अवघड आहे, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

कॅपची कल्पना नवी नाही, हेही सांगायला हवं. डिसेंबर २००८मध्ये मंदीच्या तडाख्यात होंडा बाहेर पडली, पुढच्या वर्षी बीएमडब्ल्यू आणि टोयोटाही गेल्या. मॅक्स मोस्ली तेव्हा एफआयएचे अध्यक्ष. त्यांनी २०१०साठी ऐच्छिक मर्यादा मांडली, शेवटी ४ कोटी पौंडांची, आणि जो ती मान्य करेल त्याला तांत्रिक सवलती. एकाच शर्यतीत दोन वेगळ्या नियमांच्या गाड्या! फेरारी फ्रान्सच्या न्यायालयात गेली, हरली, आणि मग मोठ्या संघांनी वेगळी मालिका काढण्याची धमकी दिली. जून २००९मध्ये तडजोड झाली आणि मर्यादा बारगळली. पण त्या आश्वासनावर आत आलेले छोटे संघ अडकले. एचआरटी, ज्यातून करुण चांधोक आणि नारायण कार्तिकेयन धावले, २०१२अखेर बंद. कॅटरहॅम २०१४मध्ये. व्हर्जिनचा मारुसिया आणि मग मॅनर झालेला संघ २०१७च्या सुरुवातीला. कमी खर्चात धावता येईल म्हणून बोलावलं आणि नंतर कमी खर्चाचा नियमच काढून घेतला.

फोर्स इंडियाची गोष्ट त्याहून बोलकी. मल्ल्यांच्या मालकीचा हा संघ सिल्व्हरस्टोनच्या दारातून छोट्या बजेटवर चालायचा आणि २०१६ व २०१७मध्ये सलग चौथा आला. पैशामागे कामगिरी मोजली तर त्या वर्षांत त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. तरी जुलै २०१८मध्ये देणेकऱ्यांच्या कचाट्यात प्रशासकाकडे गेला, सुमारे ४०० नोकऱ्या टांगणीला लागल्या आणि लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने तो घेतला. आज तोच ॲस्टन मार्टिन. संघ उत्तम चालवूनही बुडता येतं, ही व्यवस्था बदलायची होती. त्या बाबतीत कॅपने काम केलं: २०२१पासून एकही संघ पैशाअभावी बंद पडलेला नाही.

मग मूळ प्रश्न, मोठेच का जिंकतात? कारण कॅप दरवर्षीचा खर्च बांधते, आधी जमवलेली मालमत्ता नाही. २०१९मध्ये मर्सिडीज संघाचा खर्च ३० कोटी पौंडांच्या वर होता. त्या काळात घेतलेली यंत्रं, सिम्युलेटर, सॉफ्टवेअर आणि ते वापरण्याची सवय ३१ डिसेंबर २०२०ला नाहीशी झाली नाही. भांडवली खर्चावर वेगळी मर्यादा आहे, म्हणून मागे पडलेल्यांना ती दरी चटकन भरताही येत नाही. विल्यम्स हे ठळक उदाहरण. जेम्स व्हाउल्स तिथे प्रमुख म्हणून आले तेव्हा गाडीच्या सुमारे २०,००० भागांचा हिशेब एका एक्सेल शीटमध्ये होता, आणि हे त्यांनी स्वतः जाहीर सांगितलं. चाकणच्या मध्यम आकाराच्या पुरवठादाराकडेही याहून बरी ईआरपी, म्हणजे साठा-उत्पादनाचा हिशेब ठेवणारी संगणक प्रणाली, असते. परिणाम मार्च २०२४मध्ये मेलबर्नला दिसला: पहिल्या सरावात त्यांच्या ॲल्बनने चॅसी (गाडीचा सांगाडा) मोडली, तिसरी चॅसी तयारच नव्हती, आणि चूक नसलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरची, सार्जंटची गाडी काढून ॲल्बनला द्यावी लागली.

उलट बाजूला मॅक्लारेन. तुम्ही त्यांना ‘बडा संघ’ म्हणता, पण २०२१मध्ये त्यांनी वोकिंगचं मुख्यालय १७ कोटी पौंडांना विकलं आणि तिथेच भाड्याने राहिले. २०२३पर्यंत विंड टनेलसाठी जर्मनीत कोलोनला टोयोटाकडे जात होते. २०२३च्या पहिल्या शर्यतींत शेवटच्या रांगांत रखडत होते. तिथून २०२४ आणि २०२५ची सांघिक विजेतेपदं, आधीचं १९९८चं. इंजिनही मर्सिडीजकडून विकत घेतलेलं. कॅपआधीच्या जगात गिऱ्हाईक संघ इंजिन पुरवणाऱ्या कारखान्याच्या संघालाच असा क्वचितच हरवत असे.

कॅपचा सर्वांत मोठा लाभार्थी मात्र ट्रॅकवर नाही. खर्चाला छत आणि उत्पन्नाला नाही, म्हटल्यावर संघ ही नफ्याची मालमत्ता झाली. विल्यम्स २०२०मध्ये १५.२ कोटी युरोंना विकला गेला. तीन वर्षांनी अल्पाइन संघाचा फक्त २४ टक्के हिस्सा २० कोटी युरोंना गेला. मालक खूश आहेत. लॅमिनेटर आणि ज्युनिअर डिझायनर तेवढे नाहीत, कारण त्यांचा पगार मर्यादेच्या आत येतो. २०२२मध्ये इंग्लंडात महागाई भडकली तेव्हा पगारवाढ आणि नवा फ्लोअर एकाच पिशवीतून काढायचे होते. कोणाला प्राधान्य मिळालं असेल, ते सांगायला नको.

२०२६पासून आकडा २१.५ कोटी डॉलर आहे. कॅप सैल केली म्हणून ओरड होईल, पण वाढीचं मोठं कारण व्याख्या आहे: पूर्वी बाहेर असलेल्या बऱ्याच बाबी आत घेतल्या, महागाईची भर मूळ आकड्यातच मिसळली. स्वित्झर्लंडसारख्या महागड्या पगारांच्या देशातल्या संघासाठी समायोजनही आलं. जुन्या आणि नव्या आकड्याची थेट तुलना करणारा लेख दिसला, तर पुढे वाचू नका.

दरवर्षी एफआयए तपासणीचा निकाल जाहीर करते, तेव्हा ‘कॅप मोडली’ असा मथळा येतोच. तिथे एकच गोष्ट तपासा: उल्लंघन प्रक्रियेचं आहे की जादा खर्चाचं. २०२१च्या हिशेबात ॲस्टन मार्टिनला साडेचार लाख डॉलर दंड झाला तो प्रक्रियेसाठी. २०२३च्या इंजिन-हिशेबात अल्पाइनला ४ लाख आणि होंडाला ६ लाख, तेही प्रक्रियेसाठीच. मर्यादा यांपैकी कुणीच ओलांडली नव्हती. मर्यादेपलीकडे खर्च केल्याचं प्रकरण आजवर रेड बुलचं, २०२१चं.